इशारा आला होता, उठवलं कोणी नाही

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य
(आमच्या सोसायटीचे, आणि मुंबईत ज्या ज्या इमारतींच्या तळमजल्यावर पाणी शिरतं तिथलेही)

विषय: पावसाचा इशारा झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचवण्याबाबत

स. न. वि. वि.

गेल्या जुलैतल्या त्या रात्री मला जाग आली ती कशाच्या तरी टकटक आवाजाने. दारावर कोणी असेल म्हणून पाय खाली टाकला, तो घोट्यापर्यंत पाण्यात. रिकामा पिठाचा डबा तरंगत तरंगत ओट्याच्या कडप्प्याला थडकत होता. पावणेचार वाजले होते. फ्रीज गेला, दोन गाद्या गेल्या, आणि पलंगाखालच्या पेटीतल्या आईच्या हातच्या गोधड्या पिळून पिळून वाळवल्या तरी त्यांचा गटाराचा वास काही गेला नाही. सायनला तळमजल्यावर राहायचं तर हे कधी ना कधी व्हायचंच, त्याबद्दल हे पत्र नाही.

पत्र आहे ते सकाळी मोबाइल हातात घेतल्यावर जे दिसलं त्याबद्दल. बाराच्या पुढे सरकारी एसएमएस आला होता, पुढच्या तीन तासांत जोरदार पावसाचा. सव्वाएकला आपल्या ग्रुपवर सचिवांनी तोच इशारा टाकला होता, खाली ‘कृपया काळजी घ्या’. दोनच्या सुमारास सहाव्या मजल्यावरून कोणीतरी गेटचा फोटो टाकला, पाणी पहिल्या पायरीला लागलेलं. त्यावर चार नमस्काराचे हात आणि एक ‘ओह’. सत्तेचाळीस जणांनी तो फोटो पाहिला होता. माझा फोन रात्री दहा ते सहा गप्प राहतो, कारण तसा ठेवला नाही तर सुप्रभातच्या गुलाबांनी पहाटे साडेचारलाच जाग येते.

आणखी एक गोष्ट मला दोन दिवसांनी कळली. रात्रपाळीच्या वॉचमनने अडीच वाजता तीन जणांना फोन करून उठवलं होतं. कारण त्यांच्या गाड्या खाली होत्या आणि गाडीवाल्यांचे नंबर केबिनमध्ये लावलेले आहेत. तळमजल्यावर राहणाऱ्या चार कुटुंबांचे नंबर तिथे नाहीत. गाड्या वर रस्त्यावर गेल्या, वाचल्या. वॉचमनला मी एका शब्दाने बोलले नाही. त्याच्याकडे जी यादी होती, तिच्याप्रमाणे त्याने काम चोख केलं.

मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. आमच्याकडे ‘लाइन चालू आहे’ एवढं सांगून तक्रार बंद करता येत नसे. पलीकडे रिंग जाते का ते तपासायचं, मग सही करायची. त्या सवयीने मी या सगळ्याकडे पाहते. हवामान खात्याने इशारा दिला, सरकारने एसएमएस पाठवला, सचिवांनी ग्रुपवर टाकला, म्हणजे लाइन चालू होती. रिंग कोणाकडे गेली?

२६ जुलै २००५ ला मी ड्युटीवर होते. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. एकाच शहरात! तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं, ढग उपनगरांवर कसा फुगतोय ते बघायची सोय नव्हती. दुपारनंतर उपनगरांतली वीज गेली, मोबाइल लागेनात. पण जिथे एक्स्चेंजच्या बॅटऱ्या पाण्याच्या वर होत्या तिथले साधे टेलिफोन चालत राहिले, कारण तांब्याच्या तारेतून ४८ व्होल्टचा पुरवठा आमच्याकडूनच जायचा. घरात वीज असो-नसो. रात्रभर लोक एकमेकांना ‘पोहोचलास का’ एवढंच विचारत होते.

हे सांगते, कारण आपल्या इमारतीतल्या पुष्कळ जणांना अजून वाटतं की घरात लँडलाइन आहे, काही झालं तर ती चालेल. तांब्याची तार गेली, फायबर आलं. आता तो फोन तुमच्या घरातल्या इंटरनेटच्या डबीवर (राउटरवर) चालतो आणि डबी तुमच्या प्लगवर. वीज गेली की इंटरनेट, वायफाय, टीव्ही आणि लँडलाइन, चारही एकदम मुके. चार साधनं आहेत असं वाटतं, पण मूळ एकच. मोबाइलच्या टॉवरला बॅटरी असते, तीही काही तासांचीच. म्हणून इशाऱ्यासाठी साधन निवडताना मी पहिल्यांदा हेच बघते की हे कशावर चालतं, आणि ते बंद पडलं तर दुसरं कशावर.

आता एकेक घेते. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळ्यांची लायकी सारखी नाही.

फोनमधला सगळ्यात उपयोगी इशारा तो, ज्यासाठी ॲप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, नंबर नोंदवावा लागत नाही. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने चाचण्या घेतल्या तेव्हा एकाच वेळी सगळ्यांचे फोन किंचाळले होते, आठवतं? लोक घाबरले, काहींना वाटलं फोन हॅक झाला. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन एकदम ऐकतात. एसएमएससारखी एकेकाला चिठ्ठी वाटत बसायची नसते, त्यामुळे गर्दीत तो अडकत नाही. पडद्यावर चौकट येते आणि ती तुम्ही हाताने बंद करेपर्यंत राहते. पण त्या चाचणीनंतर वैतागून कितीतरी जणांनी सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करून टाकला आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंगच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी’ लिहिलं की ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ सापडतं; आयफोनमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत अगदी तळाशी बघावं. मी स्वतः आपल्या मजल्यावरच्या पाच फोनांत पाहिलं, दोनांत बंद होतं. रात्री फोन विमानाच्या मोडवर टाकून झोपणाऱ्यांना मात्र यातलं काहीच मिळणार नाही. त्यांनी निदान जून ते सप्टेंबर ती सवय सोडावी.

त्याच्या खालोखाल राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ हे ॲप. मराठीत चालतं, राज्य आणि जिल्हा निवडता येतो. आपण राहतो मुंबई शहर जिल्ह्याच्या अगदी टोकाला; रूळ ओलांडून चुनाभट्टीला गेलं की मुंबई उपनगर सुरू. ढगाला ही हद्द माहीत नसते, तेव्हा दोन्ही जिल्हे निवडा. ज्यांची मुलं पुण्याला किंवा परदेशात आहेत त्यांनी मुलांनाही हे ॲप घ्यायला लावून मुंबई निवडायला सांगावं. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यू जर्सीत दुपार-संध्याकाळ असते. तिकडचा मुलगा आईला फोन करून उठवेल, इतकी भरवशाची यंत्रणा सरकारलाही जमणार नाही.

हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप अंदाज बघायला चांगलं, विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ चांगलं. पण एक कटकट सगळ्याच ॲपना आहे. फोन बॅटरी वाचवायच्या नादात न वापरलेली ॲप झोपवून टाकतो. वर्षभर उघडलं नाही की जूनमध्ये ते बोलत नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरचं बंधन काढावं लागतं. हे कोणी सांगत नाही.

आणि फॉरवर्ड. गेल्या वर्षी आपल्याच ग्रुपवर लाटा उसळल्याचं जे चित्र फिरलं ते आदल्या वादळातलं होतं. मी तिथे लिहिलं तर एक काका म्हणाले, ‘असू दे, सावधानता तर बाळगली.’ नाही असू दे. खऱ्या सूचनेवर ती कोणी, किती वाजता दिली आणि किती वाजेपर्यंत लागू आहे, हे असतं. हवामान खात्याचा तात्काळ इशारा पुढच्या तीनच तासांपुरता असतो. दुपारी एकला दिलेला इशारा रात्री नऊला फिरवला की तो इशारा राहत नाही, अफवा होते. ज्यावर वेळ नाही ते पुढे पाठवू नका, एवढा एक नियम केला तरी ग्रुप अर्धा हलका होईल.

जाता जाता त्या सूचनांच्या मराठीबद्दल. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार’ हे वाक्य वाचून आपल्या खजिनदारांनी गच्चीवर पापड घातले होते, कारण त्यांनी ‘तुरळक’ एवढंच वाचलं. तुरळक म्हणजे थोड्या ठिकाणी. त्या थोड्या ठिकाणी पाऊस थोडा असेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. त्या थोड्यांत आपण असलो तर? चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. रंग फक्त मिलिमीटरवरून ठरत नाही. पाऊस होण्याची शक्यता किती आणि झालाच तर नुकसान किती, असा दुहेरी हिशोब त्यात असतो. आपल्याकडे मात्र रेड म्हणजे शाळेला सुट्टी, एवढाच अर्थ उरला आहे.

‘रेड अलर्ट दिला आणि ऊन पडलं’ हा विनोद दर पावसाळ्यात होतो, मीही हसते. ढग समुद्रावर फुटला की किनाऱ्यावर, यात दहा-पंधरा किलोमीटरचा फरक, आणि तेवढ्यात कोणाचं घर बुडतं, कोणाचं कोरडं राहतं. आता कुलाब्याला आणि २०२२ पासून अंधेरीच्या वेरावलीला डॉप्लर रडार आहे, तीन तासांचा अंदाज पूर्वीपेक्षा पुष्कळ नेमका येतो. पण चार वेळा लांडगा आला नाही म्हणून पाचव्या वेळी फोन बंद करायचा, हे तळमजल्याला परवडत नाही. सहाव्या मजल्याला परवडतं, हेही मी समजते.

रेडिओबद्दल मी थोडी हळवी आहे, पण हिशोबात चूक करणार नाही. भाच्याने अमेरिकेतून मला एक वेदर रेडिओ आणून दिला होता. तिकडे त्यासाठी हजारावर प्रक्षेपण केंद्रं आहेत, दिवसरात्र फक्त हवामान सांगतात, आणि आपल्या भागासाठी इशारा आला की तो गप्प पडलेला डबा मध्यरात्री स्वतःहून ओरडतो. छान कल्पना. सायनला त्यातून फक्त खरखर ऐकू आली, कारण त्याची ती १६२ मेगाहर्ट्झची सेवा आपल्याकडे नाहीच. ऑनलाइन दुकानांत ‘वेदर बँड’ लिहिलेले रेडिओ महाग विकतात, त्या बटणासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. आपल्याला पुरतो तो सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला लागते. घरातल्या एलईडी दिव्यांमुळे खरखर होते, तर खिडकीत ठेवा आणि जरा फिरवून बघा. रेडिओ तुम्हाला झोपेतून उठवणार नाही, तो जागं झाल्यावरचा सोबती आहे. वीज गेली, टॉवर बसला, तरी बाहेर काय चाललंय ते तोच सांगतो. ‘मोबाइलमध्ये एफएम आहे की’ म्हणणाऱ्यांनी एकदा लावून बघावं. बहुतेक नव्या फोनांत ते नाही, आणि ज्यांत आहे त्यांना इअरफोनची वायर एरियल म्हणून लागते. खाली गाडीत रेडिओ आहे, पण पाणी आलेलं असताना गाडीत जाऊन बसू नका, एवढं माझं ऐका.

आणि एक इशारा असा आहे जो वर्षभर आधी मिळतो आणि कधी चुकत नाही: भरतीचा. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आणि वेळा पालिका पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते. समुद्र चढला की नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात, पाणी बाहेर जायला वाट नसते, आणि त्याच वेळी पाऊस लागला की गांधी मार्केट, किंग्ज सर्कल आणि आपली गल्ली एका पातळीत येतात. माहुलचं पंपिंग स्टेशन होईल तेव्हा होईल. तोवर तो तक्ता लिफ्टशेजारी लावायला छपाईचे दहा रुपये लागतील. सध्या तिथे २०१९ च्या गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी आहे.

घरातलीही एक खूण सांगते. पाणी दारातून यायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी आमच्या मोरीची जाळी बोलायला लागते. आधी एखादा बुडबुडा, मग गुडगुड, मग काळपट पाणी वर येऊन परत आत जातं, जणू खाली कोणी श्वास घेतंय. माझ्या सासूबाई ती गुडगुड ऐकूनच उठायच्या, काही न बोलता तांदळाची कोठी ओट्यावर ठेवायच्या, मग बाकीच्यांना हाक मारायच्या. आता आम्ही पंखा आणि एसी लावून दारं घट्ट लावतो, मोरीचा आवाज कोणाला येणार? पूर्वी परळ-लालबागला गिरणीचा भोंगा व्हायचा, तो मालकालाही ऐकू यायचा आणि कामगारालाही. पावसासाठी तसा भोंगा आपल्याकडे नाही. म्हणून मग तो सोसायटीलाच बनवावा लागेल, आणि त्यासाठी फार खर्च नाही.

माझं मागणं असं. रात्रपाळीच्या वॉचमनला केबिनमध्ये दुसरी यादी द्या, गाड्यांच्या यादीच्या वर लावलेली: तळमजल्यावरची चार घरं, लिफ्ट बंद पडली तर अडकतील असे चौथ्या आणि पाचव्या मजल्यावरचे दोन रुग्ण, आणि ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे ते. गेटच्या खांबावर पिवळ्या रंगाने एक रेघ मारा. पाणी रेघेला लागलं की कोणाला विचारायचं नाही, कोणाची परवानगी नाही. चारही दारांच्या बेल वाजवायच्या आणि दार उघडेपर्यंत वाजवत राहायच्या. चूक झाली, पाणी उतरलं, झोपमोड झाली तर वॉचमनला कोणी ओरडायचं नाही, हे कार्यकारिणीने लेखी द्यावं. नाहीतर तो बिचारा दुसऱ्या वेळी विचार करत बसेल. वीज गेली की बेलही जाते, म्हणून त्याला एक शिट्टी द्या.

तळमजल्यावरचे एक काका झोपताना कानातलं यंत्र काढून ठेवतात. त्यांना ना फोन ऐकू येणार, ना बेल, ना शिट्टी. त्यांच्या दाराची एक किल्ली माझ्याकडे आहे, दुसरी केबिनमध्ये सीलबंद पाकिटात ठेवायला ते तयार आहेत. मी विचारलं. त्यांनी उशीखाली ठेवायचा कंप पावणारा गजरही शोधून ठेवलाय, पण त्याला इशारा पोहोचवायला तरी माणूस लागेलच.

ग्रुप दोन करा. एकात काय हवं ते टाका, गुलाब टाका, लग्नाच्या पत्रिका टाका. दुसऱ्यात फक्त दोघांना लिहिता येईल, आणि पावसाळ्यात पाण्याशिवाय दुसरा विषय नाही. तो ग्रुप कोणी गप्प करायचा नाही, आणि तिथे लिहिलं म्हणजे काम झालं असं लिहिणाऱ्यानेही समजायचं नाही. त्यानंतर फोन लावायचा. ज्याने फोन उचलला नाही त्याच्या दारात जायचं. जूनच्या पहिल्या रविवारी सभा असतेच; चहा व्हायच्या आधी पंधरा मिनिटं सगळ्यांनी फोन काढावेत, सेल ब्रॉडकास्ट चालू आहे का ते शेजाऱ्याने शेजाऱ्याचं बघावं. पालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६ आणि आपल्या एफ उत्तर विभागाच्या नियंत्रण कक्षाचा नंबर फोनमध्ये घालावा, आणि कागदावरही, कारण बॅटरी संपलेल्या फोनमधला नंबर कोणाच्या कामाचा नाही.

मागच्या सभेत ‘इतर विषय’ आले तेव्हा मी हात वर केला होता. अध्यक्ष म्हणाले, ‘काकू, हवामान खातंच चुकतं, आपण काय करणार?’ आणि सभा पार्किंगच्या स्टिकरवर गेली. म्हणून हे लिहून द्यावं लागलं, आणि उघड लिहावं लागलं. उत्तर मला मेपर्यंत हवं आहे. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन ठेपला होता, तेव्हा जूनची वाट बघू नये.

केबिनसाठी ट्रान्झिस्टर विकत घेऊ नका. माझ्याकडे दोन आहेत, एक मी देते. त्याची एरियल जरा वाकडी आहे, पण ५५८ स्वच्छ लागतं. सेल मात्र सोसायटीच्या खर्चाने घालावेत, आणि दर ऑक्टोबरला आठवणीने काढून ठेवावेत, नाहीतर गळतात.

कळावे,
आपली,
तळमजल्यावरची एक सभासद, सायन